स्वयंपाकघरातील कपाटे करवून घेताना: साहित्य आणि बांधणी कशी निवडावी

स्वयंपाकघरातील कपाटे ठरवताना आपले लक्ष सर्वांत आधी दारांच्या रंगाकडे आणि चकाकीकडे जाते. पहिल्या खेपेला माझेही तसेच झाले. दारांचे नमुने पाहण्यात मी कित्येक दिवस घालवले, पण आतली पेटी कोणत्या फळीची होणार, हे एकदाही विचारले नाही. दोन वर्षांच्या आत सिंकखालच्या कपाटाची बाजूची फळी तळाशी फुगली, लॅमिनेटची कड सुटून बाहेर वळली, आणि तिथे अंगठ्याने दाबले की आतला भुसा ओल्या पुठ्ठ्यासारखा दबू लागला. दार मात्र नव्यासारखे होते. सांडपाण्याच्या पाइपासाठी फळीला पाडलेल्या भोकाची कड उघडीच राहिली होती आणि ओल तिथून आत गेली होती.

दुसऱ्या खेपेला मोजमापापासून शेवटचा स्क्रू बसेपर्यंत मी सुतारासोबत राहिलो, प्रत्येक गोष्टीचे कारण विचारले आणि ते लिहून ठेवले. त्या नोंदींवरून हा लेख तयार केला आहे. पहिल्यांदाच कपाटे करवून घेणाऱ्यांनी एक गोष्ट सुरुवातीपासून ध्यानात ठेवावी: कपाट बहुधा दर्शनी पृष्ठभागातून खराब होत नाही; ते कडांमधून, भोकांमधून आणि सांध्यांमधून खराब होते. त्यामुळे प्रत्येक निर्णयाच्या वेळी या तीन जागांचे काय होणार, हे विचारायचे.

हाताशी काय हवे

अवजारे थोडीच लागतात: पाच मीटरची मोजपट्टी, गुण्या, पाणसळ, विजेरी आणि जमल्यास व्हर्नियर कॅलिपर. फळीची खरी जाडी सांगितलेल्या जाडीपेक्षा पुष्कळदा कमी भरते आणि हा फरक मोजपट्टीवर नीट कळत नाही, म्हणून कॅलिपर फार उपयोगी पडतो.

कागदपत्रांमध्ये पुढील गोष्टी जमवून ठेवाव्यात:

- शेगडी, ओव्हन, सिंक आणि भांडी धुण्याचे यंत्र यांच्यासोबत येणारे बसवणीचे नकाशे
- पाण्याच्या, सांडपाण्याच्या, गॅसच्या आणि विजेच्या वाटा दाखवणारे रेखाटन
- कपाटांत काय काय ठेवणार याची यादी, जड वस्तूंच्या अंदाजे वजनासह

यांपैकी शेवटची यादी बहुतेक जण करत नाहीत. पण फळीची जाडी, कप्प्याची रुंदी आणि ड्रॉवरच्या सरकपट्ट्यांची क्षमता हे सारे तिच्यावरच अवलंबून असते.

१. खोली आधी मोजा

भिंती क्वचितच सरळ असतात. त्यामुळे प्रत्येक भिंतीची लांबी जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि वरच्या कपाटांच्या उंचीवर अशी तीनदा मोजावी आणि त्यांतले सर्वांत कमी माप धरावे. कोपरा काटकोनात आहे का, हे पाहण्यासाठी एका भिंतीवर कोपऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर आणि दुसऱ्या भिंतीवर ८० सेंटिमीटरवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर १०० सेंटिमीटर भरले तर कोपरा काटकोनात आहे.

खालच्या कपाटांच्या पेटीची खोली साधारणपणे ५६० मिलिमीटर, ओट्याची ६०० मिलिमीटर आणि वरच्या कपाटांची ३०० ते ३५० मिलिमीटर ठेवतात. ओट्याची उंची ८५० ते ९०० मिलिमीटर असते, परंतु इथे छापील मापापेक्षा माणूस महत्त्वाचा आहे. घरात जो सर्वाधिक काम करतो त्याने सरळ उभे राहून कोपर दुमडावे आणि कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली ओटा धरावा. भिंतीलगतच्या कपाटाच्या बाजूला ३० ते ५० मिलिमीटरची भरणपट्टी सोडायला सांगावी. नाहीतर दाराची मूठ भिंतीला अडते आणि ड्रॉवर पूर्ण उघडत नाही.

२. पेटीची फळी निवडा

सर्वाधिक वेळ याच पायरीवर द्यावा. बाजारात नावे पुष्कळ असली तरी मूळ प्रकार मोजकेच आहेत.

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना काटकोनात रचून चिकटवलेली फळी. पापुद्र्यांची संख्या विषम असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो आणि फळी सहसा वाकडी होत नाही. तिची खरी प्रत सरसावर ठरते. युरिया सरसाची प्लाय कोरड्या जागेसाठी असते. फिनॉलिक सरसाची प्लाय उकळत्या पाण्यातही टिकते, आणि सर्वांत वरच्या प्रतीच्या प्लायचे पापुद्रे ७२ तास उकळल्यानंतरही सुटू नयेत अशी अपेक्षा असते. फिनॉलिक सरसाच्या रेषा कडेला गडद तपकिरी दिसतात, पण सरसात रंग मिसळता येत असल्याने रंग हा पुरावा मानू नये. एक लहान तुकडा मागून घ्यावा आणि घरी चार-सहा तास उकळून पाहावा. कमी प्रतीचा माल एवढ्यातच उघडा पडतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. सरस पाण्याला दाद देत नाही म्हणून लाकूडही देत नाही, असे नाही. उत्तम प्लायसुद्धा सतत ओली राहिली तर फुगते आणि तिला बुरशी लागते. फक्त तिचे पापुद्रे सुटत नाहीत. प्लायची कापलेली कडही नीट पाहावी. मधल्या थरांत पोकळ्या असतील तर स्क्रूला पकड मिळत नाही, आणि स्क्रू नेमका पोकळीत गेला तर बिजागरी काही महिन्यांतच सैल होते.

पार्टिकल बोर्ड लाकडाचे बारीक तुकडे आणि सरस दाबून बनवतात. तो सपाट असतो आणि कोरड्या जागी अनेक वर्षे उत्तम टिकतो, म्हणून त्याला सरसकट नावे ठेवणे योग्य नाही. मात्र दाबून बसवलेले तुकडे ओल लागताच दाबातून मोकळे होतात, आणि फळी वाळली तरी ते पुन्हा पहिल्यासारखे बसत नाहीत. म्हणूनच फुगलेला पार्टिकल बोर्ड दुरुस्त होत नाही. त्याच्या कडेत मारलेल्या स्क्रूची पकडही कमी असते.

एमडीएफ लाकडाच्या तंतूंपासून बनतो आणि एका घनमीटरला साधारण ७०० ते ८०० किलो भरतो, म्हणजे चांगलाच जड असतो. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने रंगवायच्या दारांसाठी आणि कोरीव नक्षीसाठी त्याच्या तोडीचे दुसरे साहित्य नाही. त्याच्या कडेत आधी भोक न पाडता स्क्रू मारला तर कड उभी चिरते. ओलावारोधक प्रकारात हिरवा रंग मिसळतात, पण तो केवळ ओळखीसाठी असतो. रंगाने फळी ओलावारोधक होत नाही. तशी लेखी नोंद आणि छाप मागावी.

ब्लॉकबोर्डाच्या पोटात लाकडी पट्ट्या असतात. लांब दारांना आणि लांब कप्प्यांना तो चांगला, पण पट्ट्यांमध्ये फटी नाहीत याची खात्री करून घ्यावी. अस्सल लाकूड तंतूंना आडव्या दिशेने ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, त्यामुळे त्याच्या रुंद फळ्यांची पेटी करणे शहाणपणाचे नाही. दारांच्या चौकटी आणि ड्रॉवरच्या बाजू यांसाठी ते जरूर वापरावे. पीव्हीसीच्या फोम बोर्डाला पाण्याने काही होत नाही, परंतु त्यात स्क्रू प्लायइतका घट्ट बसत नाही आणि उष्णतेजवळ तो मऊ पडतो. शेगडीलगत किंवा लांब कप्प्यासाठी मी तो वापरणार नाही.

फळी ठरवण्याआधी मी एक साधी चाचणी केली. चार प्रकारच्या फळ्यांचे तळहाताएवढे तुकडे मागून आणले, प्रत्येकाची जाडी कॅलिपरने मोजून पेन्सिलीने त्यावरच लिहिली आणि ते २४ तास पाण्यात बुडवून ठेवले. दुसऱ्या दिवशी साध्या पार्टिकल बोर्डाच्या कडा नखाला सहज जाणवतील इतक्या उंचावल्या होत्या आणि कोपरे बोटांनी चुरता येत होते. ओलावारोधक एमडीएफ थोडाच फुगला होता. फिनॉलिक प्लाय पाण्याने जड झाली होती, पण तिचे पापुद्रे जागचे हलले नव्हते. आठवडाभर वाळवून पुन्हा मोजले तेव्हा प्लाय जवळजवळ मूळ मापावर आली. पार्टिकल बोर्ड आला नाही. कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा त्या चार तुकड्यांनी मला अधिक शिकवले.

सगळी कपाटे एकाच फळीची असावीत असे बंधन नाही. सिंकखाली, भांडी धुण्याच्या यंत्रालगत आणि जमिनीजवळच्या पेट्यांना फिनॉलिक प्लाय, तर वरच्या कोरड्या पेट्यांना ओलावारोधक एमडीएफ किंवा चांगला पार्टिकल बोर्ड, अशी वाटणी मी केली आणि आज पुन्हा निवडायची वेळ आली तरी तशीच करीन.

सरसातून हवेत मिसळणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचाही विचार करावा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूचा समावेश माणसाला कर्करोगकारक ठरणाऱ्या पदार्थांत केला. युरोपीय ई-१ वर्गात चाचणीच्या बंदिस्त कक्षातील हवेत त्याचे प्रमाण घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. फळी घेताना निदान ई-१ वर्गाचा आग्रह धरावा. हा वायूसुद्धा उघड्या कडांमधून अधिक बाहेर पडतो, त्यामुळे कडा बंद करण्याचा फायदा दुहेरी आहे.

३. जाडी आणि कप्प्याची रुंदी एकत्र ठरवा

पेटीच्या बाजू, तळ आणि कप्पे यांना १६ ते १८ मिलिमीटर जाडी सर्वसाधारणपणे पुरते, पण कप्पा किती रुंद आहे यावर त्याचा वाक ठरतो. दर सेंटिमीटरवरचा भार तेवढाच असेल तर वाक रुंदीच्या चौथ्या घाताने वाढतो: ६० सेंटिमीटरचा कप्पा ९० सेंटिमीटरचा केला की तो सुमारे पाचपट वाकतो. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो, म्हणून १८ ऐवजी २५ मिलिमीटरची फळी घेतल्यास वाक जेमतेम एक-तृतीयांशाच्या आसपास येतो. जड भांड्यांसाठी ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद कप्पा शक्यतो टाळावा. टाळता येत नसेल तर मध्ये उभी फळी घालावी, किंवा कप्प्याच्या पुढच्या कडेला खालून ४० मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी चिकटवून घ्यावी.

पाठीच्या फळीकडे दुर्लक्ष करू नये. पेटी काटकोनात धरून ठेवण्याचे काम तीच करते. तीन मिलिमीटरची पातळ पाठ नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली असेल तर कपाट उचलतानाच तिरपे होते आणि मग दारे कधीच एका रेषेत येत नाहीत. सहा ते नऊ मिलिमीटरची पाठ, तीही बाजूंना पाडलेल्या खोबणीत बसवलेली, असे स्पष्ट सांगावे.

४. सांधे विचारून घ्या

कारखान्यात बनणाऱ्या पेट्यांमध्ये आठ मिलिमीटरच्या लाकडी खुंट्या आणि फिरवून आवळायचे कॅम असतात. ते सुटे करता येतात ही सोय आहे, पण कपाट वारंवार खोलून पुन्हा जोडले तर भोके सैल होतात. जाड आट्यांचे ७ बाय ५० मिलिमीटरचे स्क्रू बोर्डात चांगली पकड घेतात, मात्र त्यांच्यासाठी योग्य मापाचे भोक आधी पाडावे लागते. सुताराच्या हातचे काम असेल तर बाजूच्या फळीला खाच पाडून त्यात तळ आणि कप्पा बसवणे, सरस लावणे आणि वरून स्क्रू देणे ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण त्यात वजन स्क्रूवर न येता खाचेवर येते.

सरस कच्च्या लाकडाला धरतो, लॅमिनेट चढवलेल्या गुळगुळीत पृष्ठभागाला नाही. म्हणून सांध्याच्या जागी लॅमिनेट असेल तर तिथे खाच पाडणे किंवा स्क्रूवर विसंबणे एवढेच मार्ग उरतात. केवळ खिळ्यांनी जोडलेली पेटी स्वीकारू नये. पेटी जोडून झाली की तिचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन मापांत एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सरस वाळण्याआधीच ती सरळ करून घ्यावी.

खालच्या पेट्या थेट जमिनीवर टेकवू नयेत. उंची कमी-जास्त करता येणारे प्लॅस्टिकचे पाय लावावेत आणि पुढे काढता येणारी पट्टी द्यावी. फरशी पुसताना पाणी रोज फळीच्या तळकडेला लागते आणि ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

५. कडा आणि भोके बंद करा

कडांवर पीव्हीसी किंवा एबीएस या प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावतात. आतल्या कप्प्यांना ०.८ मिलिमीटर आणि दारांना दोन मिलिमीटरची पट्टी चांगली. पट्टी कोणत्या सरसाने चिकटवली हे जरूर विचारावे. नेहमीचा ईव्हीए सरस उष्णतेने पुन्हा मऊ होतो. पीयूआर सरस हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन कायमचा घट्ट होतो आणि पुन्हा वितळत नाही. ओव्हन, शेगडी आणि सिंक यांच्या आसपास पीयूआरचाच आग्रह धरावा.

दिसणाऱ्या कडांना पट्टी लावून मागच्या आणि खालच्या कडा कच्च्या ठेवणे ही नेहमीची पळवाट आहे. प्रत्येक फळीच्या चारही कडा बंद हव्यात, हे ठरावात लिहून घ्यावे. पाइप आणि वायरींसाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडेला पीयू वार्निशचे किंवा इपॉक्सीचे दोन हात द्यावेत आणि पाइप बसल्यावर फट सिलिकॉनने भरावी. नळजोडणी करणारा कारागीर बहुधा सुतार निघून गेल्यानंतर येतो आणि स्वतः नवे भोक पाडतो. त्या दिवशी घरी थांबावे. माझे पहिले कपाट त्याच एका दिवसामुळे गेले.

६. दारे आणि त्यांचे आवरण

पेटी नीट ठरली की दारांचा निर्णय सोपा होतो. लॅमिनेट रोजच्या वापराला सर्वांत चिवट. सरसात भिजवलेले कागदाचे थर उष्णतेत आणि प्रचंड दाबाखाली एकजीव करून ते बनवतात. ते फळीच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे लावावे, कारण एकाच बाजूला लावले तर दार धनुष्यासारखे वाकते. मेम्ब्रेन फॉइलची, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकटवलेली दारे ओव्हनलगत सोलली जातात. रंगवलेली दारे सुंदर दिसतात, पण कोपऱ्यांना आपटल्यावर टवके निघतात. विनियरला, म्हणजे अस्सल लाकडाच्या पातळ पापुद्र्याला, पारदर्शक लेपाचे संरक्षण आवश्यक असते.

अस्सल लाकडाचे चौकटीचे दार घेत असाल तर मधली पाटी चौकटीच्या खोबणीत मोकळी बसवलेली आहे ना, हे विचारा. ती सरसाने पक्की केली तर फुगण्याला जागा राहत नाही. मग पाटी तरी तडकते किंवा चौकटीचा सांधा तरी उघडतो.

७. बिजागऱ्या आणि सरकपट्ट्या

कपाटांच्या बिजागरीची वाटी ३५ मिलिमीटर व्यासाची असते. दार पेटीची बाजू पूर्ण झाकणार, अर्धी झाकणार की आत बसणार, यावर बिजागरीचा प्रकार ठरतो. त्यामुळे तो दारांची मापे घेण्याआधी ठरवावा. ९० सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या दाराला दोन बिजागऱ्या, १६० पर्यंत तीन आणि २०० पर्यंत चार, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. दार रुंद किंवा जड असेल तर एक वाढवावी.

ड्रॉवरच्या सरकपट्टीवर लिहिलेल्या क्षमतेत ड्रॉवरचे स्वतःचे वजनही धरलेले असते. भांड्यांच्या रुंद ड्रॉवरसाठी पूर्ण बाहेर येणारी आणि निदान ४० किलो पेलणारी पट्टी घ्यावी. ड्रॉवरचा तळ मात्र अनेकदा पातळ देतात. ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद ड्रॉवरला मी नऊ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा तळ घेणार नाही. तारेच्या ट्रॉल्या घेत असाल तर पोलाद ३०४ प्रतीचे मागावे. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. चुंबक चिकटत नाही म्हणून ते ३०४ आहे, असे दुकानात दाखवतात. ही कसोटी फसवी आहे, कारण कमी निकेलच्या २०२ प्रतीलाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही.

८. सारे लेखी घ्या

काम सुरू होण्याआधी एका कागदावर पुढील बाबी सहीसह असाव्यात:

- प्रत्येक पेटीच्या फळीचा प्रकार, प्रत, उत्पादक आणि जाडी
- पाठीची जाडी व ती बसवण्याची पद्धत
- सांध्यांचा प्रकार
- कडपट्टीची जाडी, सरस आणि किती कडांना लावणार
- बिजागऱ्या व सरकपट्ट्यांचा उत्पादक, मॉडेल आणि नग
- दुरुस्तीची हमी कशावर आणि किती काळ

माल आला की फळ्या कापण्याआधी त्यांवरचे शिक्के पाहून फोटो काढून ठेवावेत. कापल्यानंतर आणि लॅमिनेट चढल्यानंतर आत काय आहे, हे सांगता येत नाही. शिल्लक राहिलेले दोन-तीन तुकडेही मागून घ्यावेत; पुढे शंका आली तर तेच उपयोगी पडतात.

९. बसवताना आणि त्यानंतर

जमिनीचा सर्वांत उंच बिंदू पाणसळीने शोधून तिथून पहिली पेटी बसवावी, म्हणजे बाकीच्यांचे पाय वाढवून सगळ्या एका पातळीत आणता येतात. वरच्या पेट्या पातळ पाठीतून मारलेल्या स्क्रूंवर टांगू नयेत. भिंतीवर धातूची पट्टी पक्की करून तिच्यावर किंवा पेटीच्या जाड आडव्या पट्टीतून भार घ्यावा. शेजारच्या पेट्या शिकंज्यात धरून एकमेकींना स्क्रूने जोडाव्यात.

सिंक बसल्यावर ते काठोकाठ भरावे, पाणी एकदम सोडावे आणि खालच्या प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला तर त्याच वेळी जोड आवळून घ्यावा. दारांची शेवटची जुळवणी कपाटे भरून दोन आठवडे वापरल्यानंतर करावी, कारण वजन आल्यावर पेट्या किंचित बसतात. चांगल्या बिजागरीत दार आडवे, उभे आणि आत-बाहेर सरकवणारे वेगवेगळे स्क्रू असतात; सुताराकडून ते ओळखून घेतले तर ही जुळवणी स्वतःला करता येते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी सिंकखालची भांडी बाहेर काढून विजेरीच्या उजेडात पाइपाच्या भोकाची कड आणि फळीची तळकड बोटाने चाचपून पाहावी. कड मऊ लागली किंवा सिलिकॉन सुटलेले दिसले तर ती जागा पूर्ण वाळू द्यावी आणि मगच पुन्हा बंद करावी.